द्रौपदी तायडे, मेंबर

"सही जुळत नाही ना मॅडम," फोनवरचा माणूस पुन्हा तेच म्हणाला. "सरांची आमच्याकडची सही वेगळी आहे."

"तेव्हा हात वेगळा होता," द्रौपदी म्हणाली. "उजवा. आता डाव्या हातानं करतात. झटका येऊन गेला त्यांना. तुमच्याच क्लबनं फुलं पाठवली होती की."

पलीकडचा माणूस थोडा गडबडला. मग म्हणाला, एकदा सरांना घेऊन या, सेक्रेटरींच्या समोर सही झाली की काम झालं.

तायडे हॉलमधल्या खुर्चीत बसून उजव्या हातात रबरी चेंडू दाबायचा प्रयत्न करत होते. बोटं अर्धीच मिटत होती.

"काय म्हन्ते?" त्यांनी विचारलं. झटक्यानंतर त्यांची वाक्यं लहान झाली होती आणि जिभेवर पुन्हा गावाकडची बोली आली होती. नवरा-बायको दोघंच असले की द्रौपदीही तशीच बोलायची.

"या म्हन्ते. समोर सही करा म्हन्ते."

"मंग जाऊ. सोडून टाकू एकदाचं."

क्लबचा नियम होता. वर्षभर मैदानावर न उतरलेल्या मेंबरनं काय ते ठरवायचं. मेंबरशिप परत करायची, नाहीतर बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावावर करून द्यायची. तायड्यांनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं आणि द्रौपदीनं त्यावर एक अक्षरही काढलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला आतून बरंच वाटलं होतं.

तायडे मूळचे मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यातले. बँकेत कारकून म्हणून लागले आणि मोठ्या शाखेचे मुख्य व्यवस्थापक होऊन निवृत्त झाले. पवईच्या शाखेत असताना एका कारखानदारानं त्यांना पहिल्यांदा गोल्फ खेळायला नेलं. त्या हिरवळीनं त्यांच्यावर काय जादू केली कुणास ठाऊक, त्यांनी स्वतःच्या पगारातून क्लबात नाव नोंदवलं आणि कितीतरी वर्षं नंबर लागायची वाट पाहिली. कार्ड हातात आलं त्या दिवशी घाटकोपरच्या बुद्धविहारात पेढे वाटले होते. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी पेढा तोंडात टाकत विचारलं होतं, "गल्फला चालला का रे शिवदास? कंपनी कोणती?" हा किस्सा तायडे अजूनही सांगत, आणि सांगताना स्वतःच आधी हसत.

द्रौपदीला त्यात हसू येत नसे. ती तेव्हा महापालिकेच्या प्रसूतिगृहात नर्स होती. रविवारी सकाळी ती ड्युटीवर जायची आणि तायडे गोल्फला. प्रियंका आणि प्रितम, दोन्ही मुलं, शेजारच्या काकूंकडे. "आणि आम्ही?" असं तिनं एकदा विचारलं होतं. "तुमच्यासाठीच तर केलं हे सगळं, मेंबरची फॅमिली पण येऊ शकते," असं उत्तर मिळालं होतं. म्हणून ती एकदा गेली. नवीन वर्षाची पार्टी होती. मोतिया रंगाची साडी नेसली होती. एका टेबलावर चार बायका बोलत होत्या. तुम्ही काय करता, असं एकीनं विचारलं. नर्स आहे म्हटल्यावर ती बाई एकदम जवळ सरकली. "अरे वा, बरं झालं भेटलात! आमच्या सासूबाईंना रोज इंजेक्शन द्यायचं असतं. घरी येऊन द्याल का? तुमचा रेट काय असतो?"

बाईच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं, हेच जास्त लागलं.  त्यानंतर तिनं तायड्यांसमोर क्लबाचं नाव काढलं नाही आणि तायड्यांनीही पुन्हा चल म्हटलं नाही. त्यांचे रविवार तसेच चालू राहिले.

मंगळवारी सकाळी दोघं निघाली. नाहूरहून भांडुपमार्गे पवईच्या मागच्या टेकडीपर्यंत टॅक्सी. फाटकावरच्या वॉचमननं तायड्यांना ओळखलं, सलाम केला आणि त्यांच्या हातातल्या काठीकडे बघून नजर वळवली. सेक्रेटरी विद्याधर राजे मीटिंगमध्ये होते, तासभर लागेल म्हणाले.

"मैदान दाखवू तुले?" तायडे म्हणाले.

"कसं जाणार? चालवते का तुम्हाला?"

"बग्गी असते."

बॅटरीवर चालणारी ती छोटी गाडी त्यांनी मागवली. चालवणारा पुढे, ही दोघं मागे. आठवड्याचा मधला दिवस, त्यामुळे मैदान जवळजवळ रिकामं होतं. गाडी झाडांच्या रांगेतून बाहेर आली आणि द्रौपदीनं नकळत पदर सावरला. मुंबईत एवढी मोकळी जागा तिनं पाहिलीच नव्हती. उतरत जाणारं गवत, मधेच वाळूचा खड्डा, पलीकडे तळं, त्यावर वाकलेलं करंजाचं झाड. दूर टॉवरच्या रांगा होत्या, पण त्यांचा आवाज इथवर येत नव्हता. एक टिटवी गवतात टुकटुक चालत होती.

तायडे बोलत होते. हा चौथा होल, इथं बॉल नेहमी उजवीकडे जातो. हे तळं, यात माझे किती बॉल गेले असतील, गणती नाई. बोलताना त्यांची जीभ अडखळत होती, पण थांबत नव्हती. इतकं ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

एका उंचवट्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. द्रौपदीनं त्यांना उतरवलं, बाकावर बसवलं. चालवणारा जरा लांब जाऊन उभा राहिला.

तिला विचारायचं होतं ते तिनं विचारलं. "एवढी वर्षं येत होते तुम्ही इथं. झटका आला तवा बँकेतले आले, विहारातले आले, मूर्तिजापूरहून पोरं आली. इथलं कोन आलं? एक गुच्छ. काय कमावलं म्हनते मी?"

तायड्यांनी काठी बाकाला टेकवली.

"मी मानसांसाठी येतच नव्हतो," ते म्हणाले.

"मंग?"

"बँकेत गेलो की लोन पाहिजे. युनियनला बदली पाहिजे. गावाकडच्याले नोकरी पाहिजे. घरी आलो तर फी भरायची, गिझर बिघडला." त्यांनी श्वास घेतला. "इथं बॉल मारायचा अन् त्याच्यामागं चालत जायचं. चार तास. कोनी काही मागत नाई. एवढंच होतं."

द्रौपदी ऐकत होती. तिच्या मनात पहिल्यांदा आला तो राग. घर म्हणजे मागणाऱ्यांची रांग, आणि त्या रांगेत आपणही.

"म्हंजे आम्ही बी मागनारेच," ती म्हणाली.

"तसं नाई गं."

"तसंच हाय. बोलले ते बरं झालं."

त्यांनी डाव्या हातानं तिच्या हातावर थापटलं. तिनं हात काढून घेतला नाही. समोर गवतावरून सावली सरकत होती. दोघं तशीच बसली. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण कितीतरी वेळ नुसतं बसून आहोत आणि आपल्याला कुणी हाक मारलेली नाही.

राजेसाहेब मोकळे झाले होते. कागद टेबलावर ठेवला होता. तायड्यांनी पेन डाव्या हातात धरलं, तेवढ्यात द्रौपदी म्हणाली, "आज नको. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे ना?"

"आहे की," राजे म्हणाले.

टॅक्सीत तायड्यांनी विचारलं, "काहून थांबवलं?"

"घरी गेल्यावर सांगते," ती म्हणाली. पण घरी गेल्यावर तिनं सांगितलं नाही, कारण काय सांगायचं ते तिलाच नीट कळलं नव्हतं.

पुढचे काही दिवस नेहमीसारखे गेले. सकाळी तायड्यांना उठवणं, दात घासून देणं, फिजिओथेरपीवाला येण्याआधी आंघोळ. मग नाश्ता, गोळ्या. दहाच्या सुमारास दारावर पहिली बेल. "ताई, जरा बीपी बघता का?" रिटायर झालेली नर्स बिल्डिंगमध्ये राहते म्हटल्यावर लोक डॉक्टरकडे कशाला जातील? तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, वॉचमन, नव्यानं आई झालेली मुलगी. द्रौपदीनं कुणाला नाही म्हटलं नव्हतं. दुपारी प्रियंकाचा बोरिवलीहून फोन. "मम्मी, ती खोबऱ्याची चटणी पाठव ना, माझ्या हातची नाही होत तशी." संध्याकाळी प्रितमचा फोन बंगळुरूहून, पप्पांना दे. मग जेवण, मालिश, परत गोळ्या.

गुरुवारी ती आंघोळीला गेली. आंघोळ झाली, कपडे घातले, आणि नळ उगाच चालू ठेवून ती पालथ्या बादलीवर बसून राहिली. काही विचार करत नव्हती. पाणी पडत होतं ते बघत होती. हे ती रोज करायची. रोज, किती वर्षं, तिला आठवेना. प्रसूतिगृहात असतानाही औषधांच्या खोलीत जाऊन दार लोटून अशीच उभी राहायची.

"द्रौपदे!" बाहेरून हाक आली. "चश्मा कुठं हाय?"

तिनं नळ बंद केला. आणि ओल्या लादीवर उभी असतानाच तिला जे नीट कळत नव्हतं ते कळलं. तिला राग आला होता तो तायडे तिथं जात होते म्हणून नव्हता. आपल्यालाही ते हवं होतं, म्हणून होता.

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशातच होता. तो त्यांच्या डोळ्यांवर चढवून ती समोर बसली.

"ती मेंबरशिप माझ्या नावावर करा."

"तू खेळशीन?" तायड्यांनी विचारलं.

"खेळीन का नाई ते मले ठाऊक नाई. पन जाईन. दर रविवारी."

"आन मी?"

हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर त्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण त्यांनी मान खाली घातली.

"मी बी असंच इचारलं होतं," द्रौपदी म्हणाली. आवाज चढवला नाही. "शकुताई येऊन बसतील तुमच्यापाशी. दुपारच्या जेवनाले मी घरी."

त्या दिवशी तायडे नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही फारसे बोलले नाहीत. द्रौपदीला वाटलं, आपण चुकलो. आजारी माणसाला सोडून हिंडायला जायचं, आणि तेही अशा जागी. हे तिचं तिलाच पटेना. शनिवारी प्रियंका आली तेव्हा तर तिनं वाटच लावली.

"मम्मी, सिरियसली? गोल्फ? खाली सोसायटीचं गार्डन आहे ना. चालायचंय तर तिथं चाल."

"गार्डनमध्ये गेले की बाकावरच्या सगळ्या जणी हात पुढे करतात. बीपी बघा."

"मग नाही म्हण ना यार. आणि तिथं त्या बायका असणार. रेट विचारणाऱ्या. पूर्ण लहानपण ऐकलंय मी ते. त्यांच्यात जाऊन बसणार तू?"

"बसायला नाही जात गं मी. चालायला जाते."

शकु, तायड्यांची धाकटी बहीण, घाटकोपरहून आली होती. ती खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. "वहिनी, पण तिथं साडी चालते का?"

"नाही. पँट आणि कॉलरचा टी-शर्ट लागतो."

"अगं बाई!" शकुनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढून म्हणाली, "मी बसते दादापाशी. मला काय, इथं टीव्ही मोठा आहे. पण पहिल्या दिवशीचा फोटो पाठवायचा मला."

प्रियंका वैतागली. "पप्पा, तुम्ही तरी सांगा ना काहीतरी."

 तायड्यांनी भिंतीला टेकवलेली काठी डाव्या हातानं ओढून घेतली आणि द्रौपदीच्या समोर धरली.

"पकड."

"काय?"

"पकड म्हन्तो. उलटी धर. मूठ खाली."

द्रौपदी हॉलच्या मधोमध उभी राहिली. त्यांनी खुर्ची पुढे सरकवायला सांगितली आणि डाव्या हातानं तिची बोटं एकेक करून काठीवर बसवायला लागले. हा अंगठा इकडे. ही करंगळी यात अडकव. आवळू नको, चिमणी धरल्यासारखं धर. त्यांचा उजवा हात मांडीवर पडून होता आणि त्याची बोटंही थोडी हलत होती, ते फक्त द्रौपदीला दिसलं. 

"आता हळू माघं ने. डोकं हलवायचं नाई. हललं!"

"नाही हललं."

"हललं. मी पाह्यलं."

काठी टीपॉयवरच्या फुलदाणीला लागता लागता वाचली. शकु मोठ्यानं हसली. प्रियंकानं फुलदाणी उचलून कपाटावर ठेवली आणि मग तीही सोफ्यावर बसून बघायला लागली. निघताना तिनं आईला विचारलं, "टी-शर्ट कुठला साइज बघू? एल की एक्सएल?"

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दोघं पुन्हा क्लबात गेली. तायड्यांनी डाव्या हातानं सही केली. लहान मुलाच्या अक्षरासारखी वाकडी सही, पण राजेसाहेबांच्या समोर केलेली. मग राजे द्रौपदीकडे वळले आणि विचारून विचारून लिहायला लागले. पूर्ण नाव. जन्मतारीख. व्यवसाय.

"नर्स होते. महापालिकेत. आता रिटायर."

"मेडिकल प्रोफेशनल लिहितो," राजे आपुलकीनं म्हणाले. "तसंच लिहितात सगळे."

"नर्स लिहा," द्रौपदी म्हणाली.

त्यांनी नर्स लिहिलं.

पहिले काही रविवार ती शिकवणाऱ्या माणसाबरोबर एका कोपऱ्यात बॉल मारत राहिली. दहातले सात बॉल जागेवरच राहत, दोन गवतात घसरत, एखादा उडे. उडालेला बॉल कुठवर जातो ते बघताना तिला भारी वाटे. घरी गेली की तायडे विचारत, आज काय? ती सांगे. ते चुका काढत. त्यांना सोडून गेल्याबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत. पण रविवारी सकाळी ती बूट घालायला बसली की ते तिच्याकडे न बघता पेपर उघडत, आणि बराच वेळ पान उलटत नसत. द्रौपदीला ते दिसे. तरी ती जाई. दार ओढून घेताना छातीत काहीतरी लागे, आणि लिफ्ट खाली पोचेपर्यंत ते थोडं हलकं होई. पूर्ण कधी गेलं नाही.

थंडी पडायला लागली त्या सुमारास शिकवणारा म्हणाला, मॅडम, आज तुम्ही एकट्या जा. सगळे होल नका करू, पहिले तीन करा. त्यानं तिच्यासोबत कुणाला द्यायची तयारी दाखवली. ती नको म्हणाली. तायड्यांच्या पिशवीतल्या चार स्टिक एका हलक्या पिशवीत भरून तिनं खांद्याला लावल्या.

निळी पँट, प्रियंकानं आणलेला पांढरा टी-शर्ट, डोक्यावर टोपी. पहिल्या होलपाशी एक वयस्क बाई मैत्रिणीबरोबर बग्गीत बसत होती. ही तीच, रेट विचारणारी, की दुसरीच, द्रौपदीला ओळखता आलं नाही. इतक्या वर्षांत चेहरे एकमेकांसारखे होऊन जातात.

"न्यू मेंबर?" बाईनं हसून विचारलं.

"हो. द्रौपदी तायडे."

"मिस्टर खेळतात का?"

"खेळायचे. आता मी."

"ओह. एन्जॉय," बाई म्हणाली आणि तिची बग्गी निघून गेली.

द्रौपदीनं बॉल ठेवला. चिमणी धरल्यासारखी स्टिक धरली. मारली. बॉल फार तर रस्ता ओलांडण्याइतका गेला आणि गवतात थांबला. ती चालत गेली. परत मारली. या वेळी डावीकडे, झाडाच्या मुळाशी. तिथून काढायला तिला बरेच प्रयत्न लागले. घाम आला. दहिवरानं बुटांची टोकं भिजली होती.

मागून आवाज आला. चार पुरुष खेळत येत होते आणि तिच्यामुळे अडले होते. कमरेवर हात ठेवून ते उभे होते. त्यांतला एक दुसऱ्याला काहीतरी बोलला. क्षणभर जुन्या सवयीनं द्रौपदीचे पाय घाईला आले. वॉर्डमध्ये बेल वाजली की जसे येत तसे. बॉल उचलावा, पळत बाजूला व्हावं, सॉरी म्हणावं.

तिनं बॉल तसाच राहू दिला. एक हात वर करून, रस्त्यावर पोलीस करतो तशी, तिनं त्यांना पुढे जायची खूण केली. चौघंही मान तुकवून, आपापले बॉल मारत तिच्या बाजूनं निघून गेले. शेवटचा म्हणाला, "थँक यू, मॅडम."

ते टेकाडापलीकडे दिसेनासे झाले तरी ती झाडाखालीच उभी होती. खांद्यावरची पिशवी काढून तिनं खोडाला टेकवली. उन्हाचे कवडसे गवतावर हलत होते. घरी बारा वाजता पोचायचं होतं आणि अजून बारा वाजायला पुष्कळ वेळ होता.